नीलाबाईचा वीतभर टीव्ही

परळीत नीलाबाईचं कुणाशी फारसं जमलं नाही. जमवून घ्यावं असं तिलाही कधी वाटलं नाही. बीडजवळच्या पालीची ही मुलगी लग्न होऊन इथल्या किराणा दुकानवाल्या घरात आली, आणि वर्षाच्या आत गिऱ्हाइकं तिला ओळखून राहायला लागली. नवरा शिवशंकर मऊ माणूस. दुपारी जेवून तो तासभर आडवा व्हायचा आणि तेवढा वेळ नीलाबाई गल्ल्यावर बसायची. गुळाच्या ढेपेला बोट लावून चाखणाऱ्याला ती विचारायची, "हात धुऊन आलास का बे?" बायका 'बे' म्हणत नाहीत. नीलाबाई म्हणायची. शेवटी शेवटी लोक दुपारची खरेदी टाळायला लागले, पण उधारी मागायला त्या वेळेला कुणी येत नाही म्हणून शिवशंकर खूश होता.

तो गेल्यावर थोरल्या मुलानं, मृत्युंजयनं, दुकान हातात घेतलं. धान्याची पोती मागं गेली, पुढं काचेचं काउंटर आलं, शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकल्या. गिऱ्हाईक आता टीव्हीत बघितलेलं नाव घेऊन वस्तू मागत होतं. मृत्युंजय आईला म्हणाला, "आई, आता तू घरी बस. लई केलंस." नीलाबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं, "बसून काय करू?" तो पुड्यांच्या माळा सारख्या करायला लागला. ती घरी बसली.

घर दुकानाच्या बाजूनं मागं गेलेलं. पुढची बैठकीची खोली, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, आणि वर मुला-सुनेची खोली. मधली खोली नीलाबाईची. तिथं तिचा पलंग, लोखंडी ट्रंक, आणि गल्लीकडं उघडणारी एक खिडकी. खिडकी उघडली की थर्मल वीजकेंद्राची राख आत यायची, म्हणून ती बंदच असायची.

सून शिवानी लातूरची, शिकलेली. तिच्या आंदणात रंगीत टीव्ही आला होता आणि तो बैठकीत ठेवलेला होता. पहिली दोन वर्षं नीलाबाईनं तिला काही सोडलं नाही. सुनेनं थापलेली भाकरी हातावर तोलून ती शेजारच्या वच्छलाबाईला दाखवायची, "बग, हिला पेपरवेट म्हणून ठेवता येईल." लातूरहून सुनेचा बाप भेटायला आला, तर त्याच्या पुढ्यात चहा ठेवत म्हणाली, "पोरीला शिकवलं लई तुमी. काय शिकवलं ते तेवढं कळंना." शिवानी तेव्हा बापाची कपबशी उचलून आत गेली. ती सगळं जमा करत होती. तिसऱ्या वर्षी कपाटाच्या किल्ल्या तिच्या कमरेला आल्या आणि परतफेड सुरू झाली. डॉक्टरनं नीलाबाईला मीठ कमी खा सांगितलं होतं. शिवानीनं लोणच्याची बरणी कपाटात घालून कुलूप लावलं. वरणात मीठच नाही असं नीलाबाई म्हणाली की ती गोड आवाजात म्हणायची, "तुमच्याच जीवासाठी, आत्याबाई."

अशा घरात दिवाळीला धाकटा मुलगा केदारनाथ औरंगाबादहून आला आणि येताना व्हिडिओ गेम घेऊन आला. तो तिथं इंजिनिअरिंगला होता. लाल-पांढरी प्लॅस्टिकची पेटी, तिच्यात वरून खोचायची कॅसेट, आणि वायरीला जोडलेले दोन कंट्रोल. त्यानं ती शिवानीच्या टीव्हीला जोडली. पडद्यावर रणगाडे आले. खाली मधोमध विटांच्या चौकटीत एक पाखरू बसलेलं. वरून शत्रूचे रणगाडे विटा फोडत खाली यायचे आणि आपण आपल्या रणगाड्यानं त्यांना अडवायचं. पाखरू मेलं की खेळ संपला.

केदारनाथला जोडीला कुणी मिळेना. मृत्युंजय दुकानात, वहिनी रागात. त्यानं दुसरा कंट्रोल आईच्या हातात दिला. "धर गं. ह्या बटणानं गोळी, हे फिरवायला."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"शत्रू दिसला की मारायचं. तुला तेवढं येतंय."

नीलाबाईला ते येत होतं. दोन दिवसांत ती लेकापेक्षा बरी खेळायला लागली. केदारनाथ पुढं जाऊन रणगाडे मारायचा. ती खाली पाखराजवळ थांबायची आणि कुणालाच जवळ येऊ द्यायची नाही. "आई, पुढं जा की जरा," तो म्हणायचा. "पुढं जायला मला काय वेड लागलंय? इथं कोण बघणार?" कित्येक दिवसांत कुणी तिला इतकं खूश बघितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी शिवानीनं टीव्हीचं बटण बंद केलं.

"भाऊजी, गेम लावला की पिक्चर ट्यूब जाते. आमच्या काकांची गेलती."

"कुणी सांगितलं वहिनी? असं काही नसतं."

"नसंल तुमच्या कॉलेजात. हा टीव्ही माझ्या बापानं दिलाय."

"दिला तर दिला. ट्यूब गेली तर माझ्याकडनं घे," नीलाबाई म्हणाली.

"तुमच्याकडं काय हाय, आत्याबाई?" शिवानीनं विचारलं. आणि केदारनाथ औरंगाबादला परत जाईपर्यंत गेम पुन्हा लागला नाही. जाताना त्यानं गेमची पेटी आईच्या ट्रंकेत ठेवली. "राहू दे तुझ्याकडं. हॉस्टेलात चोरी होते."

पेटी होती आणि पडदा नव्हता. हे नीलाबाईनं दोन महिने सोसलं. मग एक दिवस रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या शहादेवच्या टपरीत तिला तो दिसला: वीतभर पडद्याचा, काळा-पांढरा, वर उचलायला कडी असलेला टीव्ही. कुणा ट्रकवाल्यानं दुरुस्तीला टाकलेला आणि परत न्यायला न आलेला. नीलाबाईनं पैसे विचारले नाहीत, कारण पैसे सुनेच्या कपाटात होते. तिचं तांब्याचं मोठं घंगाळ होतं, लग्नात बापानं दिलेलं. शिवानी भावाच्या लग्नाला लातूरला गेली होती तेवढ्यात घंगाळ शहादेवच्या घरी गेलं आणि टीव्ही ट्रंकेत आला.

शहादेवनं जोडणीही करून दिली. गच्चीवरच्या अँटेनाची वायर नीलाबाईच्या खिडकीवरूनच बैठकीत गेलेली होती. त्यानं ती तिथं थोडी सोलून दुसरी वायर पिळून जोडली आणि खिडकीच्या फटीतून आत घेतली. "दुपारी काही कार्यक्रम बघायचा असला तर ही लावा. गेम खेळायचा असला तर ही काढा, मग गेमची लावा. दोन्ही एकदम लावायच्या न्हाईत." नीलाबाईनं मान हलवली. पण ते बारीक स्क्रू तिच्या बोटांनी सुटेनात. चार दिवसांनी तिनं दोन्ही वायरी एकाच ठिकाणी पिळल्या, दोन्ही चाललं, आणि तिनं त्याचा विचार सोडून दिला.

आता प्रश्न राहिला वेळेचा. मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात जायचा रस्ता असल्यामुळं दिवसभर दार उघडंच असायचं आणि शिवानी ये-जा करायची. दार लागायचं ते फक्त लिंगपूजेला. घर लिंगायतांचं, सासऱ्याच्या काळापासून रीत अशी, की मोठं माणूस तळहातावर लिंग घेऊन बसलं की त्याला हाक मारायची नाही, उंबरा ओलांडायचा नाही, स्वयंपाकघरात जायचं तर अंगणातून वळसा घालून जायचं. कडीसुद्धा लावायची गरज नसायची. नीलाबाई सकाळी अंघोळ करून पूजेला बसायची आणि त्याआधी पाण्याचा घोटही घेत नसे. ही पूजा खरी होती. कपाळाला भस्म, डाव्या हातावर लिंग, दृष्टी त्यावर. पूजा झाली की लिंग चांदीच्या डबीत, डबी गळ्यात. आधी ती लगेच दार उघडायची. आता ती ट्रंक उघडायला लागली. आवाज पूर्ण बंद करून ती तिथं बसायची, पदर डोक्यावर, कंट्रोल मांडीवर. सकाळ पुरेना म्हणून संध्याकाळचीही पूजा सुरू झाली.

शिवानीला दोन वेळा अंगणातून वळसा पडायला लागला. "आत्याबाई, आजकाल लई वेळ लागतो तुमाला."

"शिव पळून चाललाय का? सावकाश करते."

वच्छलाबाईनं हे ऐकलं आणि गल्लीत नेलं. शिवशंकर गेल्यापासून नीलाबाईचं मन कसं देवाकडं लागलंय, सकाळ-संध्याकाळ दार लावून बसते, तोंडातून शब्द नाही, बाहेर आली की डोळे कसे लाल असतात. डोळे लाल असायचे हे खरं होतं. एका सोमवारी वच्छलाबाई चक्क तिच्या पाया पडली. नीलाबाईनं पाय मागं घेतले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिच्याबद्दल बरं बोलत होतं, आणि ते थांबवायला तिला काही कारण दिसत नव्हतं.

उन्हाळा लागता लागता मृत्युंजयला एका साबण कंपनीची तालुक्याची एजन्सी मिळाली. पेट्या ठेवायला कोरडी जागा पाहिजे होती. मधल्या खोलीला लागूनच दुकानाची मागची भिंत. तिला दार पाडलं की मधली खोली गोदाम झाली असती. हा हिशेब शिवानीनं मांडला आणि मृत्युंजयला पटला. आई कुठं जाणार? दिंद्रुडला. तिथं शिवशंकरचे थोरले भाऊ मन्मथप्पा होते, शेती होती, मोठं घर होतं. त्यांची बायको आजारी असायची. मन्मथप्पा कडक शिवभक्त. धाकट्या भावजयीच्या पूजेची कीर्ती वच्छलाबाईच्या कोणा नात्यातून तिथंवर पोचली होती. त्यांनी निरोप धाडला, की असली देवधर्माची बाई घरात आली तर सुनांनाही वळण लागंल, खुशाल पाठवा.

मृत्युंजय आईसमोर मान खाली घालून बोलला. नीलाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"न्हाई."

"आई, तिथं तुला काही कमी न्हाई."

"हितं माझ्या पूजेची जागा हाय. ती मी सोडणार न्हाई."

शिवानी दारात उभी होती. "लिंग तर गळ्यात असतं, आत्याबाई. आपल्यात देवघर लागत न्हाई, तुमीच सांगितलंय मला. माणूस जाईल तिकडं पूजा."

सून बरोबर होती, हे नीलाबाईला कळत होतं. पण तिला दिंद्रुडचं घर माहीत होतं. लग्नाकार्याला ती तिथं राहून आली होती. त्या घरात फक्त मन्मथप्पांच्या खोलीला दार होतं. बायकांच्या खोल्यांना पडदे होते; त्या कधी बसल्या, कधी उठल्या, कुणाशी बोलल्या, हे मन्मथप्पांना बसल्या जागी दिसायचं. थोरली जाऊ तीस वर्षं पडद्यामागं राहून आजारी पडली होती. "जागा ती जागा," नीलाबाई म्हणाली. "बसून बसून सिद्ध झालेली असती. तुला कळायचं न्हाई." हे वाक्य वच्छलाबाईनं ऐकलं आणि मृत्युंजयला दारात गाठून सुनावलं, की आईची तपाची जागा साबणाला देतोस का? मृत्युंजयनं विषय सोडला. गल्ली आईच्या बाजूनं असताना तो काही करणाऱ्यातला नव्हता.

बैठकीतला टीव्ही तर थंडीपासूनच बिघडलेला होता. बुधवारी संध्याकाळी गाणी लागली, की हिरॉइनच्या तोंडावरून काळे चौकोनी ठोकळे सरकायचे. मृत्युंजय गच्चीवर जायचा, अँटेनावरची राख झटकायचा, दांडा फिरवायचा.

"आलं का?"

"न्हाई!" शिवानी खालून ओरडायची. "आणखी मुंग्या आल्या!"

"आता?"

"आता दोन दोन हिरॉइनी दिसायल्या!"

"आता गं?"

"आलं! आलं! हात काढू नका!"

मृत्युंजय खाली यायचा तेव्हा आईची पूजा आटोपलेली असायची आणि ती जेवायला बसलेली असायची. आपल्या हाताला गुण आहे असं त्याला वाटायला लागलं होतं. आपण खेळलो की तो खेळ वायरीवरून बैठकीत जातो, हे नीलाबाईच्या स्वप्नातही नव्हतं. शिवानीला मात्र याच दिवसांत एका बुधवारी ते कळलं. तिनं टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बघितलं. ठोकळे नव्हते. रणगाडे होते. खाली मधोमध विटा आणि विटांत पाखरू. रणगाडे गेले आणि पाठोपाठ मधल्या खोलीचं दार उघडलं.

ती ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं शहादेवला टीव्ही बघायला बोलावलं. त्यानं वायर हातात घेतली, खिडकीकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"काय झालं शहादेव?"

"काही न्हाई, वहिनी. लाइनचा प्रॉब्लेम हाय."

"तुमच्याकडं आजकाल अंघोळीचं पाणी मोठ्या घंगाळात निघतंय म्हणं. तांब्याच्या." तिनं हे नुसतं अंदाजानं म्हटलं. सासूचं घंगाळ बरेच दिवस दिसत नव्हतं, आणि विचारलं तर 'दिलं कुणाला तरी, माझ्या बापाचं होतं' एवढंच उत्तर मिळालं होतं. शहादेवनं पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं आणि आपलं नाव घेऊ नका म्हणून हात जोडले.

शिवानीनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो आईशी एकट्यात बोलला असता आणि प्रकरण घरातल्या घरात विझलं असतं. तिला ते लोकांत पाहिजे होतं. तिनं एवढंच सुचवलं, की मन्मथप्पा मामंजींना रविवारी बोलवा, मोठ्या माणसाचं आत्याबाई ऐकतील, सोमवारी कंपनीचा टेम्पो येतोय. रविवारी सकाळी दूरदर्शनवर देवाची मालिका लागायची. वच्छलाबाई ती रंगीत बघायला न चुकता यायची. आणि त्याच वेळेला नीलाबाईचं दार लागलेलं असायचं.

मन्मथप्पा पहिल्या बसनंच आले. पांढरं धोतर, टोपी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. मृत्युंजय वाकून "शरणार्थ" म्हणाला, शिवानीनं पदर घेऊन पाण्याचा तांब्या पुढं केला. स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं. शिवानी पहाटेच उठली होती.

"नीलाबाई कुठाय?"

"पूजेत हायत," शिवानी म्हणाली.

मन्मथप्पांचा चेहरा उजळला. "बसू दे, बसू दे. लिंग हातावर असताना बोलवू न्हाई."

आत नीलाबाईनं दिराचा आवाज ओळखला. तिची पूजा होऊन अर्धा तास झाला होता आणि डाव चांगला रंगला होता. बाहेर गेलं की तो माणूस बोलणार, आणि दिराला तोंडावर नाही म्हणणं तिलासुद्धा जमणार नव्हतं. पण आपण पूजेत आहोत तोवर तो उंबऱ्याशी येणार नाही. दुपारची बस त्याला गाठायचीच होती. तेवढा वेळ काढायचा. तिनं कंट्रोल घट्ट धरला.

बैठकीत मालिका सुरू झाली. वच्छलाबाईनं टीव्हीलाच हात जोडले. सिंहासनावर देव बसलेले, बाजूला चवऱ्या ढाळणाऱ्या बायका. आणि देवाच्या मुकुटावरून एक रणगाडा डावीकडून उजवीकडं गेला.

"हे काय?" मन्मथप्पा म्हणाले.

दुसरा रणगाडा देवाच्या छातीपाशी थांबला आणि त्यानं गोळी झाडली.

"अरे देवाच्या अंगावरून काय चाललंय हे? मृत्युंजय!"

मृत्युंजय सवयीनं गच्चीकडं निघाला. शिवानी म्हणाली, "वर नका जाऊ. अँटेनाचं न्हाई ते." मग ती मन्मथप्पांकडं वळली. "मामंजी, ही आत्याबाईंची पूजा हाय." आणि कुणाला काही कळायच्या आत तिनं मधल्या खोलीचं दार ढकललं.

नीलाबाई सतरंजीवर बसलेली होती. डोक्यावर पदर, कपाळावर ओलं भस्म, समोर उघडी ट्रंक आणि ट्रंकेत कपड्यांवर ठेवलेला वीतभर टीव्ही. सगळे दारात जमले. तिनं कंट्रोल खाली ठेवला नाही. ठेवून उपयोग नव्हता.

"हे काय हाय?" मन्मथप्पांनी विचारलं.

"टीव्ही हाय."

"आणि पूजा?"

"ती झाली. पहिली पूजा केली, मग हे. लिंग गळ्यात हाय." तिनं डबी हातानं दाखवली.

"मग दार लावून काय करत होतीस?"

"खेळत होते."

वच्छलाबाईच्या तोंडातून आधी हवाच निघाली, मग शब्द. "अगं बाई! मी तुझ्या पाया पडलते की!"

"तू पडलीस. मी पड म्हणले होते का?"

"सगळ्या गल्लीला सांगितलं मी!"

"ते तर तू नेहमीच सांगतीस."

मृत्युंजयचा चेहरा लाल झाला होता. "आई, अगं काय हे? लोक काय म्हणतील? ह्या वयात?"

"तुमची आई खोटं बोलली," शिवानी म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, पण आनंदानं. "तपाची जागा म्हणं! माझा टीव्ही बिघडला म्हणून तुमी गच्चीवर चढत होता, आणि ह्या आत बसून... घंगाळ विकून आणलाय तो. विचारा. देवाचं नाव घेऊन मला तीन महिने अंगणातून फिरवलंय ह्यांनी."

"हाय का खरं?" मन्मथप्पांनी विचारलं.

"हाय," नीलाबाई म्हणाली.

मग कुणी विचारलं नव्हतं तेही ती बोलली. "मला दिंद्रुडला यायचं न्हाई, भाऊजी. पूजेचं म्हणले ते खोटं. मला दार पाहिजे. तुमच्या घरात बायकांच्या खोलीला दार न्हाई. थोरल्या बाईनं तीस वर्षं पडद्यामागं काढली. मला न्हाई काढायची."

हे मन्मथप्पांना आजवर कुणी बोललेलं नव्हतं. ते टोपी नीट करत उभे राहिले. टीव्हीवर अजून मालिका चालू होती. शंख वाजत होता. मग ते नीलाबाईकडं न बघता पुतण्याला म्हणाले, "मृत्युंजय, ही बाई आमच्याकडं नको."

शिवानीचा हात पदरावर तसाच राहिला. "मामंजी, तुमीच तर म्हणला होता—"

"देवधर्माची बाई म्हणून म्हणलं होतं. देवाच्या नावानं दार लावून खेळणारी बाई मी माझ्या सुनांत नेऊन बसवू? उद्या त्याबी दार मागतील."

"पण पेट्या... उद्या टेम्पो..."

"तुमच्या पेट्या तुमी बघा."

दिंद्रुड टळतंय हे सगळ्यात आधी नीलाबाईला कळलं. मृत्युंजय अजून काकांच्या तोंडाकडं बघत होता आणि शिवानीला कळत होतं पण खरं वाटत नव्हतं. मन्मथप्पा एक पाऊल मागं सरले, तरी दारातच होते. त्यांचं मन अजून फिरलं असतं. मृत्युंजय हातापाया पडला असता. नीलाबाईनं पडद्याकडं बघितलं. बोलण्याच्या नादात विटा फुटल्या होत्या आणि पाखरू मेलं होतं. तिनं पदर नीट सावरला आणि थोरल्या दिरासमोर पुन्हा सुरूचं बटण दाबलं.

मन्मथप्पा न जेवता गेले. मृत्युंजय त्यांच्यामागं स्टँडपर्यंत पिशवी घेऊन पळाला. वच्छलाबाईनं मालिका संपेपर्यंत तरी बसावं की नाही याचा थोडा विचार केला आणि तीही गेली. पुरणाखालचा गॅस बंद करायचा राहून गेला होता. घरभर करपल्याचा वास आला. शिवानी स्वयंपाकघराकडं निघाली ती सवयीनं अंगणाकडं वळली, मग थांबली, परत फिरली आणि सासूच्या पुढ्यातून, तिचा पदर तुडवत, सरळ आत गेली.

"लई हुशार समजता स्वतःला," ती आतून म्हणाली.

"मी न्हाई. तू बोलवलंस त्यांना."

सोमवारी टेम्पो आला. पेट्या बैठकीत लागल्या, छतापर्यंत. सोफा अंगणात गेला आणि तिथं त्याच्यावर राख बसायला लागली. रंगीत टीव्ही वर मुला-सुनेच्या खोलीत गेला. मृत्युंजयनं खिडकीजवळची पिळलेली वायर पक्कडीनं तोडली आणि आईला एक शब्द बोलला नाही. पुढंही बरेच दिवस बोलला नाही. ताट मधल्या खोलीत आणून ठेवलं जायचं, बिनमिठाचं, झाकण न घालता. गल्लीतल्या बायका नीलाबाईला बघून पदराआड हसायच्या. वच्छलाबाई यायची बंद झाली. नव्या पोरांनी तिचं 'रणगाडाबाई' नाव पाडलं. त्यातल्या एकाला तिनं थांबवून बापाचं नाव विचारलं, तेव्हापासून ते तिच्या पाठीमागं म्हणतात.

गेमला अँटेनाची वायर लागत नव्हती. खेळायला आता दार लावायचंही कारण उरलं नव्हतं. दुपारी उघड्या दारात ती खेळते, येता-जाता शिवानी बघते, कुणी काही म्हणत नाही. दार ती फक्त सकाळी लावते, अंघोळ झाल्यावर.

पण आता त्या दाराला कुणी मानत नाही. शिवानी अंगणातून जात नाही. कधी पाण्याची घागर घेऊन, कधी काही न घेता, ती दार ढकलते आणि उंबऱ्यात थांबून बघते. आज सकाळीही तिनं बघितलं. ट्रंकेला कुलूप होतं. नीलाबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती, डावा तळहात छातीसमोर, तळहातावर लिंग, नजर त्यावर. दाराचा आवाज आला तशी तिची मान ताठ झाली, पण वळली नाही.

"पूजाच हाय," ती म्हणाली.

"दिसतंय," शिवानी म्हणाली, आणि दार उघडंच टाकून गेली.